नव्या इमारतीत ईव्ही चार्जिंग: टेंडरपासून ताब्यापर्यंत कामाचा क्रम

करारात एक ओळ असते: ‘पार्किंगमध्ये ईव्ही चार्जिंगची सोय देण्यात येईल.’ ताबा मिळाल्यावर प्रत्यक्षात दिसतात ते स्टिल्टमधल्या (इमारतीखालच्या खांबांवरच्या मोकळ्या मजल्यातल्या) चार खांबांवर लावलेले सोळा अँपिअरचे चार सॉकेट. त्यांची वायर लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाच्या कॉमन मीटरवर जोडलेली. पहिली गाडी येते, काही त्रास होत नाही. तिसरी गाडी आली की एखाद्या रात्री पंप चालू होताच मेन स्विच पडतो आणि लिफ्ट मधेच थांबते. पुढच्या सर्वसाधारण सभेत ‘चार्जिंग बंद करा’ असा ठराव येतो आणि ज्यांनी कर्ज काढून गाडी घेतली ते शेजाऱ्यांच्या नजरेत दोषी ठरतात.

पुणे आणि पिंपरी-चिंचवड भागातल्या निवासी प्रकल्पांचे विद्युत आराखडे करणं हे माझं काम. पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांच्या बैठकांनाही मी बसतो. तिथे मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न ‘कोणता चार्जर घ्यायचा?’ हा आहे, आणि तो विचारायची खरी वेळ सगळ्यात शेवटी येते. आधी मागणी, मग नियम, पार्किंगचा नकाशा, लोड, रोहित्राची (ट्रान्सफॉर्मरची) जागा, केबलची वाट, मीटर, आणि मग चार्जर. हा क्रम उलटला की जे काम स्लॅब ओतताना एका पाइपात होतं, त्यासाठी नंतर भिंती फोडाव्या लागतात.

पुढचे टप्पे पुनर्विकासातल्या कमिट्या, छोटे विकासक आणि तरुण आर्किटेक्ट यांना समोर ठेवून लिहिले आहेत. उदाहरणं महाराष्ट्रातल्या निवासी इमारतींची आहेत.

टप्पा १: टेंडर काढण्याआधी मागणी नेमक्या शब्दांत लिहा

पुनर्विकासात सोसायटीची ताकद विकासक नेमेपर्यंतच असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे आधी प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, त्याचा व्यवहार्यता अहवाल आणि मग निविदा असा क्रम आहे. ईव्हीची मागणी त्या निविदेच्या मसुद्यातच गेली पाहिजे. विकसन करारनामा नोंदवल्यावर मागितलेली प्रत्येक गोष्ट ‘जादा काम’ ठरते.

‘ईव्ही रेडी’ हा शब्द एकटा लिहू नका. त्याचे तीन वेगळे अर्थ बाजारात चालतात:

१. फक्त वाट: पाइप, स्लीव्ह (बीममधून केबल जाण्यासाठी सोडलेला पाइपाचा तुकडा) आणि ट्रे (केबल ठेवायची लांब पन्हळ) आहेत, पॅनलमध्ये जागा राखली आहे, वायर नाही.
२. वाट आणि वायर: पार्किंगच्या जागेपर्यंत केबल आली आहे, टोकाला बंद डबी आहे, मागे स्वतंत्र ब्रेकर आहे. चार्जर लावला की चालू.
३. चार्जरसकट.

माझं मत स्पष्ट आहे. सगळ्या चारचाकी जागांना पहिली पातळी, निदान पाचव्या हिश्श्याला दुसरी, आणि चार्जर मात्र मोजकेच, सामायिक जागेत. सगळीकडे चार्जर लावून घ्यायचा हट्ट धरू नका. वापरात नसलेला चार्जर धुळीत पडून राहतो आणि गाडी येईपर्यंत त्याची वॉरंटी संपते. केबलची वाट मात्र इमारतीइतकीच टिकते.

निविदेत हे लिहा: किती जागांना कोणती पातळी, प्रत्येक जागेसाठी धरलेले किलोवॅट, ईव्हीसाठी वेगळा मंजूर भार, आणि ‘जसं बांधलं तसा’ केबलचा नकाशा ताब्याच्या वेळी देण्याची अट.

तपासा: मसुदा वाचणाऱ्या त्रयस्थ इलेक्ट्रिशियनला त्यावरून सामानाची यादी काढता येते का? येत नसेल तर मागणी अजून मोघम आहे.

टप्पा २: कोणता नियम लागू आहे ते लेखी घ्या

इथे चार वेगवेगळे कागद आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिला, केंद्राचे आदर्श इमारत उपविधी. २०१६ च्या या उपविधींमध्ये फेब्रुवारी २०१९ मध्ये ईव्हीची भर पडली. परिसरातल्या एकूण पार्किंग क्षमतेच्या २० टक्क्यांना चार्जिंगची सोय, आणि ते सगळे पॉइंट एकाच वेळी चालू आहेत असं धरून निघणाऱ्या लोडच्या १.२५ पट जादा वीजभार, असा त्याचा गाभा आहे. उपविधी ‘आदर्श’ आहेत, म्हणजे राज्यांनी स्वीकारण्यासाठी केलेला नमुना.

दुसरा, राज्याचं ईव्ही धोरण. २०२१ च्या धोरणाने एप्रिल २०२२ पासूनच्या नव्या निवासी प्रकल्पांत २० टक्के पार्किंग ईव्ही रेडी असावं आणि त्यातलं ३० टक्के कुणाच्या नावावर न दिलेल्या सामायिक जागेत असावं असं म्हटलं. २०२५ च्या धोरणाने उडी मोठी घेतली: नव्या निवासी इमारतींत १०० टक्के जागा ईव्ही रेडी, नव्या व्यापारी इमारतींत ५० टक्के. दोन वर्षांपूर्वीच्या प्रकल्पाचा आराखडा पुढे ठेवून ‘तसंच करा’ म्हणणारे इथेच फसतात.

तिसरा, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम. २०१० च्या विनियमांना २०१९ मध्ये ईव्ही चार्जिंगचं प्रकरण जोडलं गेलं आणि २०२३ मध्ये सगळे विनियम नव्याने आले. सॉकेटची उंची, अर्थ गळतीपासून संरक्षण या गोष्टी इथून येतात. त्या सगळीकडे बंधनकारक आहेत.

चौथा, ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४ च्या चार्जिंग मार्गदर्शक सूचना. त्यांचा उपयोग जोडणी आणि वीजदराच्या वेळी होतो.

नकाशा मंजूर करणारं प्राधिकरण मात्र तुमच्या प्रस्तावाला स्वतःच्या विकास नियंत्रण नियमावलीने मोजतं. मुंबई महापालिका हद्दीत ती डीसीपीआर २०३४ आहे, राज्यात बहुतेक इतर ठिकाणी यूडीसीपीआर. म्हणून आर्किटेक्टला प्रस्ताव दाखल करण्याआधी बांधकाम परवानगी विभागाकडून एकच गोष्ट लेखी घ्यायला सांगा: आजच्या तारखेला या प्रस्तावाला ईव्हीची कोणती अट लागेल, आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी ती कशी तपासली जाईल. उत्तर काहीही येवो, आराखडा या सगळ्या कागदांतल्या सर्वांत कडक अटीप्रमाणे करा. इमारत पन्नास वर्षं उभी राहते, परिपत्रकं दोन वर्षांत बदलतात.

टप्पा ३: पार्किंगचा नकाशा आधी गाड्यांच्या अंगाने वाचा

आर्किटेक्टच्या नकाशावर चारचाकीची जागा म्हणजे २.५ मीटर बाय ५ मीटरचा चौकोन. विजेच्या दृष्टीने तो पुरेसा नाही. त्या चौकोनाशेजारी खांब आहे का, भिंत आहे का, चार्जर कशावर बसेल, केबल कुणाच्या पायात येईल, हे प्रत्येक जागेसाठी पाहावं लागतं.

विनियमांप्रमाणे उभ्या गाडीचं जोडणीचं तोंड चार्जिंग पॉइंटपासून ५ मीटरच्या आत यायला हवं. काही गाड्यांचं तोंड नाकावर असतं, काहींचं मागच्या बाजूला. जागेच्या एका टोकाच्या कोपऱ्यात पॉइंट दिला तर एक गाडी पुढून लावावी लागते, दुसरी मागून. खांबाच्या बाजूने, जागेच्या लांबीच्या मधोमध पॉइंट ठेवला की हा त्रास जातो. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच हवा. पावसाळ्यात स्टिल्टमध्ये पाणी शिरतं तिथे तो आणखी उंच घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड लावून चार्जिंग करायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. गुंडाळलेली एक्स्टेन्शनची वायर रात्रभर पूर्ण लोडवर तापते, तिचं आवरण मऊ होतं आणि पहाटे वास येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

दुचाकींना विसरू नका. पुण्यात हा मुद्दा मोठा आहे. सोसायटीत ईव्ही पहिल्यांदा शिरते ती बहुधा स्कूटरच्या रूपाने. तिला वेगळा चार्जर लागत नाही, चांगला १६ अँपिअरचा सॉकेट पुरतो. दुचाकींच्या रांगेवर भिंतीलगत पट्टी करून दर दोन जागांना एक सॉकेट द्या आणि वर छोटं झाकण.

सावध: मेकॅनिकल पार्किंग. छोट्या भूखंडांवर गाड्या एकावर एक ठेवणाऱ्या यंत्रणेशिवाय पार्किंगची संख्या भरत नाही. हलणाऱ्या पाळण्यावर भिंतीवरून लोंबती केबल देणं म्हणजे अपघाताला बोलावणं. एकतर यंत्रणा बनवणाऱ्याकडून ईव्हीसाठीच बनवलेला पाळणा घ्या, ज्यात गाडी जोडलेली असताना हालचाल अडवण्याची सोय असते. नाहीतर ईव्हीच्या जागा जमिनीवरच्या, न हलणाऱ्या ठेवा आणि जागावाटपाचं पत्र देण्याआधीच तसं ठरवा. कुणाला कोणती जागा हे एकदा करारात गेलं की अदलाबदल जवळपास अशक्य होते.

टप्पा ४: लोडचं गणित

समजा इमारतीत ६० चारचाकी आणि १२० दुचाकींच्या जागा आहेत.

आदर्श उपविधींच्या पद्धतीने २० टक्के म्हणजे १२ चारचाकी आणि २४ दुचाकी. त्याच उपविधींत चारचाकींसाठी दर ३ ईव्हींना एक स्लो चार्जर आणि दर १० ईव्हींना एक फास्ट चार्जर, दुचाकींसाठी दर २ ईव्हींना एक स्लो पॉइंट असं प्रमाण आहे. मग:

• चारचाकी स्लो: ४ पॉइंट, प्रत्येकी ७.४ किलोवॅट, म्हणजे २९.६
• चारचाकी फास्ट: १.२ येतात, वर धरून २, प्रत्येकी १५ किलोवॅट धरले तर ३०
• दुचाकी: १२ पॉइंट, सॉकेटच्या पूर्ण क्षमतेने ३.३ किलोवॅट, म्हणजे ३९.६

बेरीज ९९.२ किलोवॅट. १.२५ ने गुणलं की १२४ किलोवॅट. हा ईव्हीसाठीचा जादा भार. घरं, लिफ्ट, पंप यांचा भार याच्या बाहेर.

आता १०० टक्के जागा ईव्ही रेडी करायच्या आहेत म्हणून कुणी ६० ला ७.४ ने गुणलं तर उत्तर ४४४ किलोवॅट येतं. हा आकडा पाहून विकासक घाबरतो आणि मग सगळंच टाळायच्या वाटा शोधतो. मी अशा बैठकीत पाटीवर दुसरं गणित मांडतो. शहरात गाडी दिवसाला साधारण ४० किलोमीटर चालते असं धरा. एका युनिटमध्ये ६ ते ७ किलोमीटर धरले तर रोजची गरज सुमारे ६ युनिट. साठही गाड्या ईव्ही झाल्या तरी एका रात्रीचे ३६० युनिट. ते रात्री ११ ते सकाळी ७ या ८ तासांत पसरले तर सरासरी ४५ किलोवॅट. एकशेवीस स्कूटरना रोज एक-एक युनिट धरलं तर आणखी १५. म्हणजे सगळ्या गाड्यांची खरी भूक ६० किलोवॅटच्या आसपास आहे. ४४४ चा आकडा फक्त तेव्हाच खरा ठरतो जेव्हा साठ माणसं संध्याकाळी एकदम घरी येऊन एकाच क्षणी पूर्ण वेगाने गाडी लावतात आणि त्यांना आवरणारं कुणी नसतं.

ते आवरण्याचं काम लोड मॅनेजमेंट करतं. एक नियंत्रक एकूण ईव्ही पॅनलवर लक्ष ठेवतो, मर्यादा जवळ आली की प्रत्येक चार्जरचा प्रवाह कमी करतो, पहाटेपर्यंत सगळ्यांना पुरवतो. यासाठी चार्जरपर्यंत विजेच्या केबलसोबत संदेशाची एक बारीक केबलही न्यावी लागते. आज चार्जर घेणार नसाल तरी तिचा पाइप आजच टाका. म्हणून माझी शिफारस अशी: नियमाने येणारा भार, वरच्या उदाहरणात १२४ किलोवॅट, तेवढा मागा, वाट सगळ्या साठ जागांना द्या, आणि त्या भाराच्या आत सगळ्यांना बसवण्यासाठी लोड मॅनेजमेंटची तजवीज ठेवा.

फास्ट चार्जरबद्दल एक वेगळं सांगतो. ज्या इमारतीत माणूस रात्री झोपतो तिथे गाडीही झोपलेलीच असते. तिला तासाभरात भरण्याची गरज क्वचित पडते. नियमासाठी भार आणि जागा राखा, पण पैसे आधी स्लो पॉइंटांवर घाला.

तपासा: सल्लागाराच्या लोडच्या तक्त्यात ‘ईव्ही’ अशी वेगळी ओळ आहे का? ‘कॉमन लोड’मध्ये मिसळलेला ईव्हीचा भार पुढे खर्च कमी करताना पहिल्यांदा कापला जातो.

टप्पा ५: रोहित्र आणि मीटर रूमची जागा

१२४ किलोवॅट म्हणजे ०.९ पॉवर फॅक्टरने सुमारे १३८ केव्हीए (रोहित्राची क्षमता याच एककात मोजतात). समजा उरलेल्या इमारतीला १५० केव्हीए लागतात आणि नकाशात २०० केव्हीएचं रोहित्र धरलं आहे. ईव्ही मिळवल्यावर गरज २८८ वर जाते, म्हणजे ३१५ केव्हीए लागेल. मोठं रोहित्र, मोठं पॅनल, जास्त मोकळी जागा. हा बदल नकाशा मंजुरीच्या आधी कळला तर आर्किटेक्टला दोन रेषा सरकवाव्या लागतात. नंतर कळला तर सामासिक अंतरात (इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत) रोहित्र बसत नाही, अग्निशमनाच्या गाडीची वाट अडते आणि सुधारित नकाशा दाखल करावा लागतो.

म्हणून वीज कंपनीच्या उपविभागाकडे लोडची चौकशी प्रारंभ प्रमाणपत्राच्या आधीच सुरू करा. महावितरण असो, मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा असो, विचारायचं तेच: जवळच्या फीडरवर (भागाला वीज आणणाऱ्या वाहिनीवर) एवढ्या भाराला जागा आहे का, आणि रोहित्रासाठी किती जागा सोडावी लागेल.

वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत २०२४ साली दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणे नवी जोडणी महानगरात ३ दिवसांत, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत द्यायची आहे, आणि ईव्हीसाठी वेगळी जोडणीही मागता येते. हे वाचून ‘मग शेवटी अर्ज करू’ असं समजू नका. ही मुदत अर्ज पूर्ण असेल आणि पुरवठ्याचं जाळं वाढवावं लागणार नसेल तेव्हाची. रोहित्रच भरलेलं असेल तर गणित वेगळं होतं.

सावध: पाणी. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याने आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेच्या पाण्याने काय केलं ते पुणेकरांनी पाहिलं आहे. ईव्ही पॅनल, मीटर आणि रोहित्र तळघरात, तेही सगळ्यात खालच्या, ठेवू नका. जमिनीच्या पातळीवर, ओट्यावर घ्या. तळघरात फक्त शेवटची केबल जाऊ द्या, आणि तिला वरून तोडता येईल असा स्विच वर ठेवा.

टप्पा ६: केबलची वाट स्लॅब ओतण्याआधी

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच असतं.

एका प्रकल्पावर मला बोलावलं तेव्हा इमारत रंगवून झाली होती. पार्किंगच्या फरशीवर पिवळे पट्टे आखलेले, खांबांवर नंबर. मीटर रूम एका टोकाला, ईव्हीच्या जागा दुसऱ्या टोकाला, मधे खोल बीमच्या चार रांगा. एकाही बीममध्ये स्लीव्ह सोडलेला नव्हता. मी पोचलो तेव्हा ठेकेदाराचा मुलगा शिडीवर कोअर कटिंगचं यंत्र घेऊन चढला होता आणि बीमच्या तळाकडच्या भागात, जिथे मुख्य सळ्या असतात, तिथेच खडूने गोल काढलेला होता. ते काम तिथल्या तिथे थांबवलं. शेवटी केबल ट्रे बीमच्या खालून घ्यावा लागला, त्याने गाड्यांच्या मार्गावरची उंची कमी झाली आणि दोन जागांवर उंच गाडी उभी राहीनाशी झाली. स्लॅबचं शटरिंग लावलं त्या दिवशी चार पाइपांचे तुकडे ठेवले असते तर हे काहीच घडलं नसतं.

म्हणून क्रम असा ठेवा:

१. मीटर रूमपासून शेवटच्या जागेपर्यंत ट्रेची रेषा पार्किंगच्या नकाशावर काढा. पाणी, ड्रेनेज आणि स्प्रिंकलरच्या पाइपांची रेषा त्याच कागदावर काढा. जिथे छेदतात तिथे कोण वर, कोण खाली ते ठरवा.
२. ट्रे ज्या बीममधून जाणार त्या प्रत्येक बीममधला स्लीव्ह स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीने मंजूर करा. जागा आणि व्यास तोच ठरवेल.
३. स्लॅब ओतण्याच्या आदल्या दिवशी स्लीव्ह मोजा, फोटो काढा, बीमच्या नंबरासह जपून ठेवा. काँक्रीट आत जाऊ नये म्हणून तोंडं बंद करा.
४. ट्रेमध्ये निम्मी जागा रिकामी ठेवा.

केबलची जाडी ठरवताना फक्त प्रवाह पाहू नका, अंतर पाहा. ७.४ किलोवॅटचा चार्जर ३२ अँपिअर घेतो. ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल हा प्रवाह सहसा पेलते, म्हणून ठेकेदार तीच सुचवतो. पण मीटर रूम ६० मीटर दूर असेल तर त्या केबलमध्ये सुमारे १४ व्होल्ट गळतात, म्हणजे २३० व्होल्टवर ६ टक्के. १० चौरस मिलिमीटर घेतली तर हीच घट साडेतीन-पावणेचार टक्क्यांवर येते. घट ५ टक्क्यांच्या आत हवी. जागा खूप असतील तर प्रत्येकीसाठी मीटर रूमपासून वेगळी केबल ओढण्याऐवजी जाड केबलने पार्किंगमध्ये उपपॅनल आणा आणि तिथून आठ-दहा जागांना फाटे द्या. साठ केबलींचा जुडगा कुठल्याच ट्रेत नीट बसत नाही, आणि जुडग्यातली केबल जास्त तापते.

टप्पा ७: मीटर आणि बिलाची रचना

तीन रस्ते आहेत. चारचाकीसाठी प्रत्येकाच्या घरच्या मीटरवरून स्वतंत्र केबल. किंवा सोसायटीच्या नावाने वेगळी ईव्ही जोडणी आणि मागे सबमीटर. किंवा बाहेरची चार्जिंग कंपनी आणून तिच्याकडे सगळं देणं.

राज्य वीज नियामक आयोगाने चार्जिंग स्टेशनसाठी वेगळा दरवर्ग ठेवला आहे (महावितरणकडे एलटी-८). स्वतःच्या जागेत स्वतःच्या जोडणीवर स्वतःचीच गाडी भरली तर मात्र त्या जागेचाच दर लागतो, म्हणजे घरच्या मीटरवर घरगुती दर. घरगुती दरात वापर वाढला की वरचा टप्पा लागतो, आणि महिन्याला दीड-दोनशे युनिट गाडीचे मिळवले की बरीच कुटुंबं त्या टप्प्यात जातात. तेव्हा सध्याचं बिल हातात घेऊन दोन्ही हिशोब करा.

मोठ्या सोसायटीला मी दुसरा रस्ता सुचवतो: वेगळी जोडणी, एक ईव्ही पॅनल, प्रत्येक पॉइंटला सबमीटर, ओळख पटवल्याशिवाय सॉकेट चालू होणार नाही अशी सोय. दहा-बारा घरांच्या इमारतीत घरच्या मीटरवरून केबल हाच साधा आणि भांडण न लावणारा उपाय. चार्जिंगचे पैसे सभासदांकडून घेणं म्हणजे विजेची पुनर्विक्री, अशी भीती काही कमिट्यांना असते. ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नाही, आणि त्याला परवाना लागत नाही.

सावध: लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्या कॉमन मीटरवर ईव्हीचा एकही सॉकेट नको. ‘तात्पुरता’ म्हणून दिलेला तो सॉकेट कायमचा होतो, आणि ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्या मेंटेनन्समधून तो चालतो.

टप्पा ८: संरक्षण

प्रत्येक पॉइंटला स्वतःची वीजवाट, स्वतःचा ब्रेकर आणि स्वतःचा टाइप ए आरसीसीबी (वीज जमिनीत गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा. चार सॉकेटना एक आरसीसीबी दिला की एका स्कूटरच्या चार्जरमधल्या दोषाने चौघांचं चार्जिंग रात्री बंद पडतं आणि सकाळी कामावर निघताना कळतं. एक फेजचे चार्जर तीनही फेजांवर सारखे वाटा. सगळे एकाच फेजवर लावले तर बाकी दोन मोकळे असतानाही मेन पडतो. अर्थिंगचा रोध मोजून त्याची नोंद घ्या.

अग्निशमन विभागाकडे दाखल करायच्या नकाशात ईव्हीच्या जागा स्पष्ट दाखवा. तात्पुरत्या ना-हरकतीच्या वेळी लपवलेली गोष्ट अंतिम ना-हरकतीच्या वेळी महाग पडते. ईव्हीच्या जागा जिन्याच्या दाराजवळ किंवा बाहेर पडायच्या एकमेव रॅम्पच्या तोंडाशी नकोत. तळघरात असतील तर धूर बाहेर काढण्याची सोय आणि स्प्रिंकलर त्या जागांवर पोचतात का ते पाहा. सगळं ईव्ही पॅनल एका झटक्यात बंद करणारा लाल स्विच सुरक्षारक्षकाच्या केबिनजवळ हवा, आणि तो कुठे आहे हे रक्षकाला माहीत हवं. रक्षक बदलतात, म्हणून शेजारी मराठी आणि हिंदीत पाटी लावा.

काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि चाचणी अहवालावर त्याची सही घ्या.

टप्पा ९: भोगवटा प्रमाणपत्र आणि ताबा

कागद आधी गोळा करा: ईव्हीसाठी मंजूर भाराचं पत्र, चाचणी अहवाल, जसा बांधला तसा केबलचा नकाशा, स्लीव्हचे फोटो, प्रत्येक जागेचा नंबर आणि तिच्या ब्रेकरचा नंबर यांचा तक्ता. सभासदाच्या करारातला पार्किंग क्रमांक आणि या तक्त्यातला क्रमांक जुळतो का, ते एकेक ओळ पाहा. इथे एक अंक चुकला तर शेजारच्याची गाडी तुमच्या बिलावर भरते.

कमिटीने सामायिक पॉइंटांचे नियम ताब्याच्या आधीच्याच सभेत मंजूर करावेत: एका गाडीला किती तास, भरून झाल्यावर किती वेळात जागा मोकळी करायची, दर काय, बिघाड कुणाला कळवायचा.

मग प्रत्यक्ष चाचणी. दिवसा, बिल्डरच्या इंजिनिअरसमोर एक सॉकेट चालू करून पाहणं पुरेसं नाही. संध्याकाळी सात-आठच्या सुमारास, लिफ्ट चालू आहेत, पंप चालू आहे, घरांत दिवे आहेत, अशा वेळी सगळे बसवलेले पॉइंट एकदम लोडवर घ्या. गाड्या नसतील तर ठेकेदाराकडून चाचणीचा लोड मागवा. दोन तास चालू ठेवा. तासाने पॅनलमधल्या केबलींच्या टोकांचं तापमान हातातल्या इन्फ्रारेड मापकाने बघा. बाकीच्यांपेक्षा एखादं टोक बरंच गरम असेल तर तिथला स्क्रू सैल आहे. सर्वांत दूरच्या पॉइंटवर व्होल्टेज मोजा आणि वहीत लिहा. प्रत्येक आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघा. शेवटी रक्षकाला लाल स्विच दाबायला सांगा आणि पार्किंगच्या शेवटच्या टोकाला उभं राहून तिथल्या चार्जिंग पॉइंटचाही दिवा विझतो का ते पाहा. तो विझेपर्यंत ताब्याच्या पावतीवर सही करू नका.